विहारातला माईक



मागचे दोन अंक हे सदर आलं नाही. तिघा-चौघांनी विचारपूस केली, एका वाचकांनी तर थेट आमच्या ऑफिसच्या टेबलाशी येऊन 'साहेब, लेखणी थकली का' म्हणून विचारलं. लेखणी थकलेली नाही. घरात एक गोष्ट घडली आणि ती लिहावी की लिहू नये हे ठरत नव्हतं. आता जिची गोष्ट आहे तिनंच सांगितलं, 'लिहा मामाजी, वस्तीले त माहीतच आहे. फक्त नाव नोका टाकू.' म्हणून लिहितो आहोत.

गेल्या पावसाळ्यानंतर उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत एका मेडिकल कॉलेजची मुलं येऊ लागली. हल्ली एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आहे. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना काही कुटुंबं नेमून देतात, पण तो मुख्यतः खेड्यांसाठी. शेजारी सेवाग्रामला १९६९ साली मेडिकल कॉलेज निघालं, तिथं प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, ही रीत तर जुनीच. आमच्याकडे आलेली मुलं मात्र रविवारची सुटी मोडून, आपल्या मनानं येत होती. विषय त्यांनीच निवडला होता, सिकलसेल.

पहिल्या रविवारी सात जण आले. पांढरे कोट, गळ्यात नळी, काखेत गुंडाळलेले तक्ते. विहारात सतरंज्या टाकल्या. पन्नास-साठ बाया, काही म्हातारी माणसं, आणि काय चाललं आहे ते पाहायला आलेली पोट्टी. एका मुलानं सुरुवात केली, 'सिकलसेल हा एक जेनेटिक डिसऑर्डर असून...' पाच मिनिटांत मागची रांग उठली. नळाची वेळ झाली होती हे खरं. पण नळ आला नसता तरी ती रांग उठलीच असती. आमच्या शेजारची आजी मोठ्यानं म्हणाली, 'बाप्पा, हे पोरगं काय बोलून राह्यलं, मले त काहीच समजून नाही राह्यलं.' मुलगा लाल झाला. बिचाऱ्याचं वय वीस.

त्या दिवशी सभा संपल्यावर ही मुलं पळून गेली नाहीत, हे आम्हाला आवडलं. ती पायरीवर बसून राहिली आणि बायांना विचारू लागली की तुम्हाला कसं सांगितलं तर कळेल. आमच्या गल्लीत एक ताई शिलाईकाम करतात. त्यांनी घरातून बटनांचा डबा आणला.

दुसऱ्या रविवारी तक्ते आलेच नाहीत. ताईंच्या डब्यातली लाल आणि पांढरी बटनं आणि दोन कापडी पिशव्या, एवढंच साहित्य. प्रत्येक माणसाजवळ रक्ताच्या या गुणाची दोन बटनं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोन्ही पांढरी असतील तर काही प्रश्न नाही. एक लाल, एक पांढरं असेल तर तो वाहक. डॉक्टरांच्या भाषेत ए.एस. हा माणूस आजारी नसतो. शेतात राबतो, ट्रक चालवतो, म्हातारा होतो; त्याला कधी कळतही नाही. दोन्ही लाल असतील तर तो रुग्ण, एस.एस. आणि ए.एस.चा पुढं कधीही एस.एस. होत नाही, हे त्या मुलांनी तीनदा म्हणवून घेतलं.

मग एका बाईच्या हाती एक पिशवी, दुसरीच्या हाती दुसरी, दोन्हींत एक लाल एक पांढरं. दोघींनी न बघता एकेक बटन काढायचं, जे दोन निघतील ते मूल. हसत-खिदळत सुरू झालेला खेळ चौथ्या वेळी दोन लाल निघाली तेव्हा एकदम गप्प झाला.

आम्ही बी.कॉम. झालेलो, आकड्यांशी आमचं बरं जमतं. पण इतकी वर्षं आमचाही एक गैरसमज होता. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर चार मुलांत एक रुग्ण, दोन वाहक, एक चांगलं, अशी वाटणी होते असं आम्ही समजत होतो. म्हणजे एक रुग्ण झालं की पुढची तीन सुटली! तसं नाही. दर गरोदरपणाला चारात एक ही शक्यता नव्यानं उभी राहते. या खात्यात मागची शिल्लक पुढं ओढत नाहीत. एका घरात तिन्ही मुलं रुग्ण निघू शकतात, दुसऱ्यात एकही नाही. आमच्या वस्तीत पहिलं मूल रुग्ण आहे म्हणून 'आता पुढचं चांगलंच होईल' या भरवशावर दुसरं होऊ देणारी जोडपी आम्हाला माहीत आहेत, आणि त्यांना तो भरवसा देणाऱ्यांत आमच्यासारखे शिकलेलेही होते.

त्या रविवारी सगळ्यांत महत्त्वाचं बोलली ती एक आई. तिचा मुलगा आता चौदा वर्षांचा. तो आठ-नऊ महिन्यांचा असताना हातापायाचे पंजे सुजले, ती म्हणाली, तेव्हा सासूनं हळदीचा लेप लावला. पुढं डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा काविळीचं औषध देणाऱ्या माणसाकडे नेलं. थंडी पडली की गुडघे आणि पाठ धरून रात्र-रात्र रडायचा, तेव्हा शाळेला बुट्टी मारायला नाटक करतो म्हणून बापानं मारलं. रक्त कमी निघालं म्हणून कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या, कोणी टॉनिक. गळ्यातलं मंगळसूत्र गेलं तेव्हा कुठं एका सरकारी दवाखान्यात कोणीतरी योग्य तपासणी लिहून दिली. मूल सात वर्षांचं झालेलं होतं. 'माह्या लेकराले त्यानं मारलं,' ती म्हणाली, 'अन् मी पाह्यत होती.' एवढं बोलून ती बसली. पांढऱ्या कोटातली एक मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मग त्याच मुलीनं सांगितलं ते इथं देतो, कारण हे कापून भिंतीला लावण्यासारखं आहे. रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक नळ्यांत अडकतात, तिथं रक्त पोचत नाही आणि दुखतं. नाटक नसतं ते. पाणी भरपूर प्यायला द्यायचं, थंडीत गरम कपडे, उन्हात अंगमेहनत नको. ताप आला तर घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना; या मुलांची पाणथरी नीट काम करत नाही, म्हणून साधा वाटणारा ताप जिवावर बेततो. लसी चुकवायच्या नाहीत. फॉलिक ॲसिड रोज. लोहाच्या गोळ्या डॉक्टरनं तपासून सांगितल्याशिवाय नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे, त्यानं दुखण्याच्या पाळ्या कमी होतात. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासून घ्यायचं असतं. आणि २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, हे वस्तीत दोघांनाच माहीत होतं. आम्ही त्यातले एक, पण आम्ही तरी कोणाला सांगितलं होतं?

तिथं आपल्या मंडळाचा एक कार्यकर्ता उभा राहिला. 'हे आपल्याच लोकायले काऊन होते? हाही जातीचाच शिक्का आहे का?' प्रश्न तिखट होता आणि योग्यही होता. मुलीनं शांतपणे सांगितलं. हा आजार आफ्रिकेत आहे, भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आहे, अरबस्तानात आहे, आपल्याकडं मध्य भारतातल्या आदिवासींत आहे, आणि अनेक दलित-मागास जातींत आहे. जिथं पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तिथं हा गुण टिकला, कारण एकच लाल बटन असणाऱ्याला जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळतं. म्हणजे आपले पूर्वज ज्या बळावर जगले त्याचंच हे दुसरं टोक. आणि लग्नं पुन्हा पुन्हा त्याच समूहात होत राहिली म्हणून दोन लाल बटनं एकत्र येण्याचा संभव वाढला. आम्हाला १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातीवरचा निबंध आठवला. जातीतल्या जातीतच लग्न लावणं हाच जातीचा गाभा, असं त्यांनी त्यात दाखवून दिलं होतं. रक्ताच्या तपासणीतून तोच मुद्दा पुढं येईल असं कोणाला वाटलं असतं!

नागपुरात आपल्या समाजात हा गुण आहे, हे संशोधन १९५८ साली इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धर्मांतरानंतर दोनच वर्षांनी डॉक्टर लोकांना कळलेली गोष्ट आमच्या गल्लीत बटनं घेऊन यायला साठाहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात काही झालंच नाही असं नाही. आपल्याच नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नसून या रुग्णांसाठी लढले, २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून मोहीम सुरू केली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असं तिचं उद्दिष्ट आहे. आकडे मोठे आहेत. पण आकडा गल्लीत येतो तेव्हा त्याला कोणाच्या तरी पोरीचं नाव असतं. तिथंच आमची चूक झाली.

तिसऱ्या रविवारी तपासणी झाली. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त, ते द्रावणात टाकायचं. द्रावण गढूळ झालं तर रक्तात हा गुण आहे. पण एवढ्यानं वाहक की रुग्ण ते कळत नाही, म्हणून अशांचं रक्त पुढच्या तपासणीला पाठवलं. आमची भाचीही रांगेत होती. वय तेवीस, डी.एड. झालेली, वडील नाहीत म्हणून आमच्याकडेच वाढलेली. दोन महिन्यांनी तिचं साक्षगंध ठरलेलं होतं.

तीन आठवड्यांनी कागद आले. दीडशेच्या वर माणसं, विहारात गर्दी, मुलं गोंधळलेली. कोणीतरी माईकवरून नाव आणि निकाल पुकारायला सुरुवात केली. एकेक नाव, आणि पुढं 'नॉर्मल' किंवा 'वाहक'. भाचीचं नाव आलं. ती उठून कागद घेऊन आली तेव्हा आमच्या ध्यानातही आलं नाही की आत्ता काय घडलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक. चौथ्या दिवशी सोयऱ्यांचा फोन, 'थोडं थांबून घेऊ.' आम्ही म्हटलं, 'पोरगी आजारी नाही, ती वाहक आहे. तुमच्या मुलाची तपासणी करा, तो नॉर्मल असला तर काहीच अडचण नाही, एकही मूल रुग्ण होणार नाही.' पलीकडून उत्तर आलं, 'आमच्या खानदानात असलं काही नाही.' खानदान म्हणजे काय प्रयोगशाळा आहे? पण हे फोन ठेवल्यावर सुचलं.

आम्ही पेटलो. कारकुनाला राग आला की तो कागद काढतो. कॉलेजच्या प्रमुखांना तीन पानी तक्रार लिहिली. विद्यार्थ्यांनी रुग्णांची गुप्तता भंग केली, एका मुलीचं आयुष्य उधळलं, जबाबदारी निश्चित करावी, वगैरे. मसुदा झकास झाला होता. पत्नीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हे सगळं बराबर आहे. पण माईकवर नावं वाचा, लवकर आटपते, हे त्या पोरायले कोण म्हणालं होतं?'

आम्ही म्हणालो होतो. माईक मंडळाचा, चावी आमच्याजवळ. गर्दी पाहून 'अरे, असं एकेकाला शोधत बसलात तर रात्र होईल, पुकारा सरळ' हे आमचेच शब्द. ऑफिसात पगारपत्रकावर सह्या घेताना पुकारतो तसं.

तक्रार पाठवली नाही.

पुढच्या रविवारी मुलं आली ती खाली मान घालून. त्यांच्या कानावर गेलं होतं. ज्या मुलानं नावं वाचली तो म्हणाला, 'काका, आम्हाला शिकवलेलं होतं की निकाल खासगीत द्यायचा. तुम्ही मोठे, तुम्ही सांगितलं, आम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं.' वीस वर्षांच्या मुलानं आम्हाला दोष न देता दोष दिला. आम्हीही मग सगळ्यांसमोर आमचा वाटा सांगितला. बायांनी दोघांनाही धारेवर धरलं. शिलाईवाल्या ताई म्हणाल्या, 'दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद कोणी माईकवर वाचते का?'

त्याच दिवशी त्या मुलांनी अमेरिकेची एक हकीगत सांगितली, ती आमच्या मनात घर करून आहे. १९६६ साली तिथं ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली ती त्याच नावावरून, हे आमच्या पिढीला सांगायला नको. पण पँथर म्हटलं की आम्हाला मोर्चे आठवतात. त्या पँथरांनी वस्त्यांमधून मोफत दवाखाने चालवले, हे किती जणांना माहीत आहे? त्यांत डॉक्टर, नर्स आणि मेडिकलचे विद्यार्थी फुकट राबत. १९७१ पासून त्यांनी घरोघर जाऊन बोटाला सुई टोचून सिकलसेलची तपासणी केली, सरकारनं काळ्या माणसाच्या या आजाराकडं पाठ फिरवली असं ओरडून सांगितलं. १९७२ साली अमेरिकेनं सिकलसेल नियंत्रणाचा कायदा केला. तरी पुढं काय झालं? अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली, पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे कोणी नीट सांगितलं नाही. वाहकांना विम्यात, नोकरीत अडवलं गेलं. हवाई दलाच्या अकादमीनं तर १९८१ पर्यंत वाहक तरुणांना प्रवेशच दिला नाही. म्हणजे तपासणी पुढं गेली आणि समज मागं राहिली, तर कागदच माणसाच्या विरोधात उभा राहतो. ओकलंड कुठं आणि आमचं विहार कुठं, पण चूक तीच.

आता आमच्याकडं पद्धत बदलली आहे. निकाल बंद पाकिटात, घरी नेऊन, ज्याचा त्याच्याच हाती. लहान मुलांचा आई-बापाच्या हाती. सोबत एक विद्यार्थी आणि वस्तीतली एक बाई. लग्नाच्या मुलींचंच रक्त तपासायचं हे बंद, मुलगे आधी. हे मुलांनी नाही, बायांनी ठरवलं. दोघंही वाहक असलेलं जोडपं असेल तर दिवस राहिल्याबरोबर दवाखान्यात सांगायचं, साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा. तिथं आमच्यासारख्या पुढाऱ्याचं काम नाही.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. त्या सातांतला एक मुलगा आपल्याच समाजातला निघाला. हे आम्हाला चौथ्या भेटीत कळलं, तेही जाताना दाराशी हळूच 'जयभीम काकाजी' म्हणाला म्हणून. सोबतच्यांसमोर का नाही म्हणाला, हे आम्ही विचारलं नाही. हल्ली तो विहारात मोठ्यानं म्हणतो.

या मुलांची परीक्षा जवळ आली आहे. पुढच्या वर्षी दुसरी येतील, किंवा येणार नाहीत. म्हणून बटनांचा खेळ आता वस्तीतल्या पाच बाया आणि आमची भाची स्वतःच घेतात. भाचीनं तीन गल्ल्या केल्या. लोक तिला विचारतात, 'तुले स्वतःले आहे ना?' ती म्हणते, 'हो, एक लाल आहे माह्याजवळ. तुमच्याजवळ किती आहे, तपासलं का?'

तो मुलगा, साक्षगंध थांबलेला, मागच्या महिन्यात एकटाच वस्तीत आला होता. घरच्यांना न सांगता. रक्त देऊन गेला. पाकीट भाचीच्या गटातल्या विद्यार्थ्यानंच त्याला नेऊन दिलं. त्यानंतर दोघांचं फोनवर बोलणं झालं आहे, एवढं आम्हाला माहीत आहे. परवा न राहवून आम्ही विचारलं, 'काय निघालं त्याचं?' भाची म्हणाली, 'मामाजी, तो त्याचा कागद आहे.'

येत्या रविवारी सकाळी नऊ ते एक आमच्या विहारात पुन्हा तपासणी आहे. सहा महिन्यांखालच्या बाळांना आणू नये, या पद्धतीनं त्यांचं नीट कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी मिळेल. उपाशीपोटी यायची गरज नाही. पाकिटं घरपोच येतील.